सर्कशीतले वाघ-सिंह, प्राणिसंग्रहालयं आणि पिल्लांचा प्रश्न: नागपूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

महाराजबागेत शाळेच्या मुलांना फिरवताना, गोरेवाड्याच्या सफारीहून परतलेल्या शेजाऱ्यांकडून आणि रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर्कशीत वाघ-सिंह आता असतात का? आमच्या लहानपणी तर असायचे.

नाही. तुमच्या लहानपणी असायचे हे खरं, कारण बंदी अमलात यायला दहा वर्षं लागली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम २२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याच्या खेळांवर आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणावर बंदी घालू शकतं. तशी अधिसूचना पहिल्यांदा १९९१ मध्ये निघाली, सर्कसवाले न्यायालयात गेले, मग १९९८ मध्ये नवी अधिसूचना आली. तिच्यात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह हे पाच प्राणी होते. केरळ उच्च न्यायालयानं २००० मध्ये ती योग्य ठरवली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सर्कसवाल्यांचं अपील फेटाळलं. विषय तिथं मिटला. २०११ मध्ये या यादीत बैलही आला, पण तो वाद वेगळा आणि त्यावर आपल्याकडं पुष्कळ बोलून झालं आहे.

२. मग बंदीनंतर ते प्राणी गेले कुठं?

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं त्यांच्यासाठी बचाव केंद्रं उभी केली. बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा, चेन्नईजवळ वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर, भोपाळचं वनविहार आणि उत्तर बंगालात दक्षिण खैरबाडी. बहुतेक केंद्रं मोठ्या प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी, पण लोकांना दिसणार नाहीत अशी ठेवली. सर्कशीतून आलेला सिंह म्हणजे बहुधा नखं काढलेला, सुळे घासलेला, वर्षानुवर्षं गाडीवरच्या पिंजऱ्यात राहिलेला प्राणी. अशांपैकी काही जण मोकळ्या आवारात पहिल्यांदा पाय ठेवताना मातीला बिचकतात. आयुष्यभर लाकडी फळीवर उभं राहिलेल्या पायांना गवत म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

या केंद्रांचा नियम सुरुवातीपासून एकच होता: आहे तो प्राणी मरेपर्यंत सांभाळायचा, त्याची पैदास करायची नाही. पुढचे बहुतेक प्रश्न या एका वाक्याभोवतीच फिरतात.

३. गोरेवाड्यातले वाघ सर्कशीतले आहेत का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर पाठ झालं आहे. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात येणारे वाघ आणि बिबटे मुख्यतः विदर्भातल्याच जंगलांचे असतात. आई मेलेले बछडे, विहिरीत पडलेले बिबटे, माणसांवर हल्ला केल्यामुळं पकडलेले, फासात पाय गेलेले. साहेबराव वाघ आठवत असेल. २०१२ मध्ये चंद्रपूरच्या बाजूला शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पंजा गेला आणि २०२० च्या जानेवारीत डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पाय लावून पाहिला. शुद्धीवर आल्यावर त्यानं तो झटकून टाकला. वाघच तो!

त्याच परिसरातलं बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान, म्हणजे आपण बसमधून फिरतो ती सफारी, जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं. बचाव केंद्र वेगळं, सफारी वेगळी. महाराजबाग तर तिसरीच गोष्ट. ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. तिन्हींना "झू" म्हणून एकाच पोत्यात घालू नका, कारण पुढचे नियम तिन्हींना सारख्या पद्धतीनं लागू होत नाहीत.

तरी सर्कशीचा प्रश्न नागपूरकरांनी का वाचायचा? कारण पकडलेल्या जंगली वाघाबद्दलही आपण तोच प्रश्न विचारतो: "जोडी आहे तर पिल्लं का होऊ देत नाहीत?"

४. एखाद्या प्राणिसंग्रहालयानं सर्कशीचा वाघ ठेवून घेतला तर बिघडलं काय? पिंजऱ्याच्या गाडीपेक्षा बरंच ना?

वाघापुरतं पाहिलं तर बरंच. माझी तक्रार ठेवण्याला नाही, कोणत्या अटीवर ठेवला याला आहे.

हा वाद नीट समजायचा तर इंग्लंडचं एक प्रकरण पाहावं लागतं. ब्रिस्टलजवळ नोआज आर्क झू फार्म नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. तिथले वाघ एका सर्कशीच्या मालकाचे आहेत आणि तिथं त्यांची पैदास होते, असं २००९ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी उघडकीला आणलं. त्या वेळी इंग्लंडात सर्कशीत जंगली प्राणी नाचवणं कायदेशीर होतं. बंदीचा कायदा २०१९ मध्ये झाला आणि २०२० च्या जानेवारीत लागू झाला. म्हणजे इथं कायदा मोडल्याचा मुद्दा मोठा नव्हताच. तरीही तिथल्या प्राणिसंग्रहालयांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्याचं सदस्यत्व काढून घेतलं.

मग यात गैर काय होतं? तिकीट काढून येणाऱ्या माणसाला वाटतं की आपला पैसा वाघ वाचवायला चालला आहे. प्रत्यक्षात तो सर्कशीच्या मालकाच्या जनावराचा चारापाणी भागवतो. मालकाला हंगाम नसतानाची फुकटची गोठ्याची सोय होते, वर पिल्लं झाली तर नफा. गावाकडं अर्धलीवर गाय देतात ना, सांभाळणारा वेगळा, मालक वेगळा आणि वासरू वाटून घ्यायचं. गाईच्या बाबतीत दोघांनाही व्यवहार ठाऊक असतो. इथं तिकीट काढणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि पिल्लू उद्या रिंगणात जाणार की नाही हे ठरवणारा प्राणिसंग्रहालयाचा डॉक्टर नसतो, ज्याचं नाव कागदावर आहे तो असतो.

म्हणून अट एकच: प्राणी घेताना मालकीही घ्या. कायमची, लेखी, पिल्लांसकट.

५. भारतात असा "मालक सर्कस, सांभाळणार झू" प्रकार चालतो का?

सहजासहजी नाही. आधी एक गंमत: वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये "झू" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात सर्कसही मोडते. ऐकून लोक हसतात, पण फायदा असा की प्राणिसंग्रहालयाला लागणारी मान्यतेची अट सर्कशीलाही लागते. १९९१ च्या दुरुस्तीनं प्राणिसंग्रहालयांवरचं प्रकरण कायद्यात आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या परवानगीशिवाय एका झूतून दुसऱ्या झूत संरक्षित प्राणी हलवता येत नाही. पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे वाघ-सिंहासारखा सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी विकणं तर मालकीचं प्रमाणपत्र खिशात असलं तरी चालत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनं आणखी एक वाट करून दिली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मालकी प्रमाणपत्र असलेला माणूस आपला प्राणी स्वखुशीनं मुख्य वन्यजीव रक्षकांकडं सुपूर्द करू शकतो. मोबदला मिळत नाही आणि प्राणी राज्य सरकारचा होतो. प्रश्न ४ मध्ये मी जी अट मागितली, ती इथं कायद्यातच लिहून ठेवली आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. दोन मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयं आपसात प्राणी "प्रजननासाठी उसना" देतात. बातमीत हा शब्द आला की लगेच संशय घेऊ नका. त्याला प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि पिल्लांची वाटणी आधीच ठरलेली असते.

६. पिल्लं झाली तर आनंदाचीच गोष्ट ना? एकीकडं वाघ वाचवा म्हणता आणि दुसरीकडं पिल्लं नको म्हणता!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि विचारणारा रागावलेला असतो, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

भारतात २०२२ च्या गणनेत जंगली वाघांचा अंदाज ३,६८२ आला. हे वाघ वाढले ते पिंजऱ्यातल्या पिल्लांनी नव्हेत. ताडोबा, पेंच, नागझिरा, उमरेडच्या बाजूला जंगल राहिलं, हरणं-डुकरं राहिली, गावं हलली, वनरक्षकांनी पायपीट केली, म्हणून वाढले. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू या आकड्यात धरलं जात नाही आणि धरूही नये.

मग पिंजऱ्यातल्या पैदाशीचा उपयोग काय? एकच, विम्यासारखा. जंगलातली जात संपली किंवा तिचं रक्त आटलं तर हाताशी राखीव साठा असावा. पण विम्याचे हप्ते कुठून आले ते लिहिलेलं लागतं. प्रत्येक प्राण्याची आई कोण, बाप कोण, आजा कुठल्या जंगलातला, हे वंशनोंदवहीत असतं. कोणाची जोडी कोणाशी लावायची ते त्या वहीवरून ठरतं. सर्कशीतल्या वाघाची अशी वही नसते. त्याची आजी कुठून विकत घेतली, तिचा भाऊच तिचा नवरा होता की काय, कोण सांगणार? सर्कसवाल्याला वाघ हवा होता, वंश नको होता. अशा जोडीला पिल्लू झालं तर गोड दिसेल, त्याचा फोटो पेपरात येईल, पण वहीत त्याचं पान उघडत नाही.

आता हिशोब. मोठा वाघ दिवसाला साधारण आठ ते दहा किलो मांस खातो आणि प्राणिसंग्रहालयात आठवड्यातून एक दिवस त्याला उपास असतो. आठ किलोच धरा. वर्षाला अडीच टन झाले. पिंजऱ्यातला वाघ अठरा-वीस वर्षंही जगतो, म्हणजे एका पिल्लाच्या आयुष्यात चाळीस टनांच्या पुढं मांस. आणि ते एकटं येत नाही. वाघिणीला साडेतीन महिन्यांत दोन-तीन-चार बछडे होतात. जागेचं म्हणाल तर प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणं वाघाच्या एका जोडीला बाहेरचं आवार किमान १,००० चौरस मीटर लागतं, म्हणजे जवळपास पाव एकर. बछडे दोन-अडीच वर्षांचे झाले की त्यांना एकत्र ठेवता येत नाही. आठवडी बाजारातल्या पिशवीसारखी जागा ताणता येत नाही, बाप्पा. जागा संपली की मोठे झालेले वाघ मागच्या कोठडीत जातात आणि आवारात आळीपाळीनं सोडले जातात. त्या रात्रीच्या कोठडीचा किमान आकार आहे साधारण पावणेतीन मीटर बाय एक मीटर ऐंशी सेंटीमीटर. घरी टेप असेल तर मोजून पाहा, कितीसा असतो तो.

म्हणजे सर्कशीच्या गाडीतून वाघ काढला, चांगलं आवार दिलं, पिल्लं होऊ दिली आणि पाच वर्षांत त्यालाच पुन्हा कोठडीत पाठवलं.

७. "संकरित सिंह" असं पेपरात वाचलं. म्हणजे नेमकं काय?

सर्कशीतल्या सिंहांची ही खरी गोष्ट. आपल्या देशात जंगली सिंह गीर आणि आसपासच्या भागातच उरला. सर्कसवाल्यांनी मात्र परदेशातून आफ्रिकी सिंहही आणले आणि जमेल तसे ते आशियाईंशी लावले. ती संतती पुढं प्राणिसंग्रहालयांत गेली.

सगळ्यात गाजलं ते चंदीगडजवळचं छतबीर. तिथं सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या सिंहांचा संकर आशियाई सिंहांशी झाला आणि ही संख्या एके काळी ऐंशीच्या घरात पोचली. मग लक्षात आलं की पिढीगणिक सिंह दुबळे होत आहेत, जखमा भरत नाहीत, साध्या आजारात प्राणी दगावतात. २००० च्या सुमारास नरांची नसबंदी करून ती वंशावळ थांबवली गेली. पुढची कितीतरी वर्षं त्या प्राणिसंग्रहालयाचं काम म्हणजे एकेक म्हातारा सिंह शेवटपर्यंत सांभाळणं.

आपल्याकडंच घडलं असं समजू नका. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांचा मोठा प्रजनन कार्यक्रम चालवला होता. १९८७ मध्ये जनुकं तपासली तर पाच मूळ जनकांपैकी दोन शुद्ध आशियाई नव्हतेच. अख्खा कार्यक्रम गुंडाळावा लागला.

आता तिढा. २०१७ च्या नव्या वर्गीकरणानुसार भारतातले सिंह आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतले सिंह एकाच उपजातीत धरले जातात, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले दुसऱ्या. काही जण यावरून म्हणतात, "मग संकर कसला?" वर्गीकरण बदललं म्हणून वंशनोंद तयार होत नाही. आणि भारतातला नियम स्पष्ट आहे. प्राणिसंग्रहालय मान्यता नियम, २००९ प्रमाणं दोन जातींचाच काय, एकाच जातीच्या दोन वंशांचाही संकर प्राणिसंग्रहालयात होऊ द्यायचा नाही.

८. पांढरा वाघ तर दुर्मिळ. त्याची पैदास तरी करावीच ना?

पांढरा वाघ वेगळी जात नाही. आपल्याच पिवळ्या वाघाच्या रंगातला हा दोष आहे, एका जनुकातल्या बदलानं येणारा. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढं मोहनला त्याच्याच मुलीशी, राधाशी लावलं आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. जगभरातल्या पुष्कळशा पांढऱ्या वाघांची वंशावळ याच बाप-लेकीपाशी येऊन थांबते. परिणाम: तिरळे डोळे, वाकलेले पाठीचे कणे, पटकन मरणारी पिल्लं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालय संघटनेनं २०११ मध्ये आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची मुद्दाम पैदास करायला मनाई केली.

आपल्याकडं अजून पांढरा वाघ म्हटलं की गर्दी होते. बघायला हरकत नाही. पण "संरक्षण" या पाटीखाली त्याला उभं करू नका.

९. एवढं आहे तर जंगलात का सोडून देत नाही? ताडोबा जवळच आहे.

सर्कशीतल्या वाघाला सोडणं म्हणजे त्याला आणि गावकऱ्यांना, दोघांनाही मरायला सोडणं. त्याला शिकार येत नाही, माणसाची भीती नाही आणि भूक लागली की माणूस जेवण आणतो हे त्याला ठाऊक आहे. तो सरळ गावात येईल.

जंगलातच जन्मलेल्या पण अनाथ झालेल्या बछड्यांचंही हे काम किती अवघड आहे, ते आपण इथंच पाहिलं. अवनी म्हणजे टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. तिच्या मादी बछड्याला पकडून पेंचच्या कुंपणात दोन वर्षं वाढवलं, शिकार येऊ दिली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती गेली. जमलेलंही उदाहरण आहे. कान्हात अनाथ झालेल्या दोन बहिणी अशाच वाढवून २०११ मध्ये पन्नात सोडल्या आणि त्यांना पुढं पिल्लंही झाली. पण त्या जंगलाच्या पोटच्या होत्या, माणसांपासून मुद्दाम लांब ठेवलेल्या, आणि त्या वेळी पन्नात वाघांना जागा रिकामी होती. ताडोबात आज जागा कुठं आहे? तिथले तरुण वाघच बाहेर पडून ब्रह्मपुरीच्या शेतांतून फिरत आहेत.

१०. नसबंदी करणं क्रूर नाही का? प्राण्याचा नैसर्गिक हक्क आहे तो.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पिल्लं वाढवणं हा वाघिणीच्या दिनक्रमाचा फार मोठा भाग असतो आणि तो काढून घेतला की पिंजऱ्यातला दिवस आणखी रिकामा होतो. तरी प्रश्न ६ मधला हिशोब डोळ्यांसमोर ठेवला तर पर्याय फार उरत नाहीत.

पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांत फरक आहे. नर-मादी वेगळे ठेवणं सगळ्यात सोपं, पण सिंह कळपात राहणारा प्राणी. त्याला एकटं ठेवणं ही वेगळी शिक्षाच. सिंहाचे वृषण काढले तर आयाळ गळून जाते, म्हणून तिथं नस बांधणं बरं. त्यात हार्मोन तसेच राहतात, आयाळही आणि कळपही. मादीसाठी कातडीखाली ठेवायचे हार्मोनचे तुकडे येतात. जुन्या प्रकारच्या तुकड्यांमुळं मोठ्या मांजरवर्गीय माद्यांत गर्भाशयाचे आजार आणि स्तनांचे कर्करोग दिसले, म्हणून पशुवैद्य आता ते टाळतात. मान्यता नियमांत वेगळं ठेवणं, नसबंदी आणि हे तुकडे, तिन्ही उपाय नमूद आहेत. कोणता निवडायचा ते डॉक्टरवर सोडा. पण "आम्ही काहीच करत नाही, निसर्गावर सोडलं आहे" असं एखादं झू म्हणत असेल तर ते जबाबदारी झटकत आहे.

११. परदेशात जास्त झालेले प्राणी मारून टाकतात म्हणे?

काही ठिकाणी, हो. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये मारियस नावाचा निरोगी तरुण जिराफ मारला, लोकांसमोर त्याची चिरफाड केली आणि मांस सिंहांना घातलं. पुढच्याच महिन्यात चार सिंहही मारले. त्यांचा युक्तिवाद असा की प्राण्यांना पिल्लं वाढवण्याचा अनुभव मिळू द्यावा आणि जास्तीचे काढून टाकावेत. प्रश्न १० मधल्या आक्षेपाचं ते दुसरं टोक झालं.

भारतात हे होत नाही. असाध्य वेदनेतल्या प्राण्याला शांत मरण देता येतं, तेही परवानगी घेऊन. नुसता जास्तीचा म्हणून वाघ मारता येत नाही. म्हणूनच पिल्लू जन्माला घालण्याआधीच विचार करणं भाग आहे.

१२. वाघ सारखा येरझाऱ्या घालतो. वेडा झाला आहे का?

वेडा नाही, पण ठीकही नाही. ठरावीक वाटेवर तासन्‌तास तेच वळण घेणं ही बंदिवासातल्या प्राण्यांत दिसणारी खूण आहे. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की जंगलात ज्यांचा फिरण्याचा प्रदेश मोठा, तेच मांसाहारी प्राणी पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात. सर्कशीतून आलेल्यांत ही सवय इतकी मुरते की मोठ्या आवारातही ते जुन्या पिंजऱ्याच्या लांबीएवढंच चालतात आणि वळतात. जेवणाच्या वेळेआधी थोडं चालणं मात्र साधं आहे, तेवढ्यावरून व्हिडिओ काढून कुणाला बदनाम करू नका.

१३. पिल्लाला बाटलीनं दूध पाजायचा फोटो काढू देतात, त्यात काय वाईट?

त्या फोटोसाठी पिल्लू आईपासून लवकर तोडावं लागतं, यात. बछडा दोन वर्षांच्या आसपास आईबरोबर राहतो आणि तोवर ती पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लं काढून घेतली की ती लवकर माजावर येते, पुन्हा पिल्लं, पुन्हा फोटो. परदेशातल्या काही खासगी वाघ-केंद्रांचा धंदा असाच चालतो. थायलंडला वगैरे गेलात तर पिल्लू मांडीवर घेण्याआधी एवढं विचारा: मागच्या वर्षीची पिल्लं दाखवा बरं?

१४. सर्कशीतल्या माणसांचं काय? त्यांचं पोट मारलंत ना?

हो, त्याची झळ बसली, आणि प्राणिप्रेमी लोक हे बोलायला कचरतात. आपल्या मराठी माणसाला तर सर्कस परकी नाही. सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या आश्रयानं १८८० मध्ये देशातली पहिली सर्कस उभी केली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे वाघ-सिंहांचे खेळ करत अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. ते कसब होतं, नाकारून चालणार नाही. बंदी आली तेव्हा प्राण्यांसाठी केंद्रं झाली, पण पिंजरे धुणाऱ्या आणि मांस तोडणाऱ्या पोरांसाठी तसं काही उभं राहिलं नाही. त्यातल्या ज्याला एका सिंहिणीच्या नुसत्या गुरगुरण्यावरून तिचं पोट दुखतंय हे कळायचं, त्याला बचाव केंद्रात रखवालदार म्हणून घेतलं असतं तर सिंहिणीचंही भलं झालं असतं.

१५. गोरेवाड्यात बर्ड फ्लूनं वाघ गेले. मग बचाव केंद्रात तरी प्राणी सुरक्षित कुठं आहेत?

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. तपासणीत एच५एन१ निघाला. शहराला तो धक्का होता. मांजरकुळातल्या प्राण्यांना संसर्ग झालेलं कोंबडीचं मांस किंवा पक्षी खाऊन हा रोग होऊ शकतो, त्यामुळं मांस कुठून येतं आणि कसं तपासलं जातं हा पहिला प्रश्न. दुसरा, संख्येचा: जितके जास्त प्राणी एकाच स्वयंपाकघरातून जेवतात, तितका एका खराब खेपेचा फटका मोठा. पैदास न करण्याचं हेही एक कारण, फक्त सभेत ते कुणी मांडत नाही.

१६. बचाव केंद्रातल्या एखाद्या वाघिणीला पिल्लं झाली अशी बातमी आली तर लगेच निषेध करायचा का?

थांबा. तीन शक्यता असतात. एक, ती पकडली तेव्हाच गाभण होती. मग कुणाचा दोष नाही. दोन, ती वंशनोंदवहीतली आहे आणि जोडी मंजुरी घेऊन लावली आहे. जंगलातून आलेल्या वाघिणीच्या बाबतीत हे शक्य आहे, कारण तिचं मूळ जंगल माहीत असतं. सर्कशीतल्या वाघापेक्षा ती इथं वेगळी ठरते. तीन, नर-मादी एकत्र ठेवले आणि कुणी लक्ष दिलं नाही. तिसरी असेल तरच बोला.

१७. हे सगळं सामान्य माणूस तपासणार कसं?

पाटीवरून सुरुवात करा. आवारासमोरच्या फलकावर प्राणी कुठून आला हे लिहिलं आहे का बघा. नसेल तर रखवालदाराला नम्रपणे विचारा, ते बहुतेक वेळा खूप सांगतात, फक्त त्यांना अहो-जाहो करा. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला दरवर्षी जन्म, मृत्यू, आलेले-गेलेले प्राणी यांची नोंद प्राधिकरणाला द्यावी लागते, त्यामुळं "माहिती उपलब्ध नाही" हे उत्तर टिकत नाही.

तरीही तेच उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करा. राज्याच्या कार्यालयाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला की पुरतो. "वाघांची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. विचारा: गेल्या पाच आर्थिक वर्षांत जन्मलेल्या वाघ-सिंहांची संख्या, प्रत्येकाच्या आई-वडिलांचा वंशनोंदवहीतला क्रमांक, जन्माच्या वेळी प्राण्याची मालकी कोणाकडं होती आणि तो प्राणी आज कुठं आहे. हे चार मुद्दे वेगवेगळ्या ओळींत, क्रमांक घालून लिहा, म्हणजे एकाचं उत्तर देऊन बाकीचे गाळता येत नाहीत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करा आणि अर्जाची पोच सांभाळून ठेवा.